विझल्यानंतरची आग



नाशिक हें नांव कसें पडलें, असें महाराष्ट्रांतील कोणत्याही शाळकरी मुलाला विचारलें तर तो पंचवटीची कथा सांगेल. लक्ष्मणानें शूर्पणखेचें नाक येथें कापलें, म्हणून हें नासिक. नऊ शिखरांवरून हें नांव आलें अशी दुसरी व्युत्पत्तीही कांहीं जण देतात. परंतु लोकांच्या मनांत घर करून बसली ती नाकाचीच. या कथेंत नाक कापलें जातें, शूर्पणखा आक्रोश करीत निघून जाते आणि कथा लंकेच्या वाटेला लागते. त्या जखमेचें पुढें काय झालें हें विचारण्यास कोणी थांबत नाहीं. वैद्याची कथा मात्र तेथूनच सुरू होते. गेलेली कातडी पुन्हां येते कशी, केव्हां येते आणि केव्हां येत नाहीं, या प्रश्नाचा माग माणूस प्राचीन काळापासून काढीत आला आहे. त्यांतील भाजलेल्या त्वचेचा इतिहास आज आपणांपुढें मांडण्याचा माझा विचार आहे. या इतिहासांत आपल्या मुलुखाचा वाटा लहान नाहीं, आणि त्याचा शेवटचा अध्याय प्रत्येकाच्या स्वयंपाकघराशीं येऊन पोंचतो.

तेव्हां स्वयंपाकघरापासूनच आरंभ करूं. माझें बालपण नाशिकच्या एका जुन्या वाड्यांत गेलें. वाड्यांत कोणी ना कोणी नेहमीं भाजून घेई. कधीं चहाचें आधण पायावर सांडे, कधीं तळणाचें तेल उडे, दिवाळींत फुलबाजीची तापलेली तार बोटाला चिकटे. त्यावर आजीचा इलाज ठरलेला असे. दौतींतील निळी शाई भाजल्या जागीं ओतावयाची. क्षणभर गार वाटे, रडें थांबे आणि सारे आपापल्या कामाला लागत. शाई हाताशीं नसली तर तूप, आणि तूप नसलें तर बटाट्याचा कीस. या सर्व उपचारांमागें एक समजूत असे. जें भाजावयाचें तें भाजून झालें. आतां वेदना शमवावयाची आणि वाट पाहावयाची. ज्वाळा विझली म्हणजे आग संपली, ही ती समजूत.

ती चुकीची आहे, आणि ती चुकीची कां, हें नीट कळण्यास वैद्यकशास्त्राला विसाव्या शतकाचा मध्य गांठावा लागला. भाजणें ही एका क्षणांत घडून संपणारी घटना नाहीं. ती कित्येक तास, कित्येक दिवस, आणि शरीर मोठ्या प्रमाणावर भाजलें असल्यास कित्येक महिने चालू राहते. तिचा शेवट कसा व्हावयाचा, हें पुष्कळ अंशीं ज्वाळा विझल्यानंतर ठरतें. आजच्या भाषणांत मला सांगावयाचें आहे तें एवढेंच.

प्रथम आपल्या प्राचीन ग्रंथांकडे वळूं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत अग्निकर्मावर स्वतंत्र अध्याय आहे. तेथें भाजण्याचे चार प्रकार केलेले आहेत: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. केवळ रंग पालटून जळजळणारी त्वचा ती प्लुष्ट. मोठे फोड येऊन तीव्र दाह होणारी ती दुर्दग्ध. याप्रमाणें पायऱ्या चढत जातात. अतिदग्धाचीं लक्षणें देतांना मांस, शिरा व सांधे यांच्या नाशाबरोबरच ज्वर, दाह, तहान आणि मूर्च्छा यांचाही उल्लेख आहे. भाजणें हा केवळ कातडीचा रोग नसून सर्व देहाचा रोग आहे, ही जाणीव त्यांत स्पष्ट दिसते.

उपचारांतील एक गोष्ट मात्र आज आपणांस चमत्कारिक वाटेल. प्लुष्ट अवस्थेंत थंड पाणी न वापरतां शेक द्यावा, असें सुश्रुत सांगतो. कारण थंड पाण्यानें रक्त दाट होतें. हा निष्कर्ष पुढें टिकला नाहीं. आज पहिला उपचार मानतात तो गार पाण्याचाच. परंतु भाजल्या जागेचें भवितव्य तेथील रक्त वाहतें राहतें कीं थिजतें यावर अवलंबून असेल, ही शंका त्याच्या मनाला शिवली होती. हीच शंका पुढें या विषयाची किल्ली ठरली.

युरोपांत १६०७ सालीं फाब्रिसियस हिल्डानस यानें भाजण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या, आणि १८३२ सालीं पॅरिसच्या द्युप्युत्रां यानें सहा. पायऱ्या तीन असोत, चार असोत कीं सहा, या सर्व मोजमापांत एक गोष्ट समान होती. जखमेची खोली जणूं एकदांच ठरते. वैद्यानें ती पाहून नोंद करावी, ती कमी करणें त्याच्या हातीं नाहीं, असें सर्वांनीं गृहीत धरलें होतें.

त्वचा जिवंत राहते ती कशाच्या बळावर, याचें उत्तर त्या वेळीं ग्रंथांपेक्षां एका कारागिराच्या हातांना अधिक ठाऊक होतें, आणि तो कारागीर पुण्याजवळ राहत होता. ऑक्टोबर १७९४ मध्यें लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकांत एक पत्र प्रसिद्ध झालें. त्यांत कावसजी नांवाच्या एका माणसाची हकीकत होती. पत्रांत त्याला मराठा शेतकरी म्हटलें आहे. इंग्रजांच्या सैन्याबरोबर तो बैल हांकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या लढाईंत तो टिपूच्या हातीं सांपडला, आणि टिपूनें त्याचें नाक व एक हात तोडला. सुमारें एक वर्ष तो तसाच नाकाविना राहिला. मग पुण्याजवळच्या, वीटकऱ्याच्या जातीच्या एका माणसानें त्याला नवें नाक करून दिलें. मुंबईच्या वैद्यकीय खात्यांतील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोघां डॉक्टरांनीं ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली होती, असें पत्र सांगतें. कारागिराचें नांव मात्र पत्रांत दिलेलें नाहीं.

त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. मेणाचा पातळ पत्रा तुटल्या नाकावर बसवून तो नाकाच्या आकाराचा करावयाचा. मग तो उलगडून कपाळावर पसरावयाचा आणि त्याच्या कडेनें रेघ ओढावयाची. त्या रेघेबरहुकूम कपाळाची कातडी सोडवून खालीं वळवावयाची आणि नाकाच्या जागीं बसवावयाची. टांके नाहींत, पानाला लावतात तो कात पाण्यांत मऊ करून कापडाच्या पट्ट्यांना लावावयाचा आणि त्या पट्ट्या जोडावर एकावर एक बसवावयाच्या. परंतु सर्व मर्म एका बारीक गोष्टींत होतें. कपाळाची कातडी सोडवितांना दोन्ही डोळ्यांच्या मध्यें एक चिंचोळी पट्टी तशीच राखली जाई. तिच्यांतून रक्त वाहत राही. पंचविसाव्या दिवसानंतर, नवें नाक गालाच्या कातडीशीं एकजीव झालें म्हणजे, ती पट्टी कापावयाची.

पंचवीस दिवस ती पट्टी न कापण्याचें शहाणपण या माणसाला परंपरेनें मिळालें होतें. कातडी ही शिंप्याच्या कापडासारखी नाहीं, ती एका जागेहून उचलून दुसरीकडे चिकटविली म्हणजे भागत नाहीं. ती जिवंत आहे, तिला अन्न व प्राणवायु पोंचत राहिला तरच ती जगते, हें ज्ञान त्या पट्टींत सांठविलेलें होतें. तें पत्र वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदानें १८१४ सालीं लंडनमध्यें अशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ सालीं तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा युरोपांतील नवा आरंभ येथून मोजतात. पुढें १८६९ सालीं पॅरिसच्या रेव्हेर्दां यानें त्वचेचे अगदीं लहान, पातळ तुकडे उचलून उघड्या जखमेवर लावले आणि ते जगले. त्यांना पट्टीची गरज लागली नाहीं. तुकडा पुरेसा पातळ असल्यास खालच्या जखमेंतून पाझरणाऱ्या रसावर तो प्रथम तग धरतो, आणि थोड्याच दिवसांत नव्या रक्तवाहिन्या त्याला जोडल्या जातात. पट्टी असो वा पाझर असो, नियम तोच राहिला: पोषण पोंचेल तेवढीच कातडी जगेल.

आतां भाजलेल्या माणसाकडे परत येऊं. अर्धें अंग भाजलेला मनुष्य प्रथम शुद्धीवर असतो, बोलतो, घरच्यांना धीरही देतो. आणि एकदोन दिवसांतच दगावतो. असें कां व्हावें हें शतकानुशतकें कोडें होतें. कोणी म्हणे जळलेल्या कातडींतून विष उत्पन्न होतें, कोणी म्हणे भीतीनें हृदय बंद पडतें. १९२१ सालीं अमेरिकेंतील न्यू हेवन शहरीं एका नाटकगृहाला आग लागली. तेथील रुग्णांचें रक्त फ्रँक अंडरहिल यानें तपासलें, तेव्हां तें अतिशय दाट झालेलें आढळलें. रक्तांतील पाणी व क्षार भाजलेल्या जागीं पाझरून जातात आणि मनुष्य आंतून कोरडा पडतो, हें त्यानें दाखविलें. सुश्रुतानें सांगितलेल्या तहानेचा व मूर्च्छेचा अर्थ असा उलगडला. २८ नोव्हेंबर १९४२ रोजीं बॉस्टन येथील कोकोनट ग्रोव्ह या उपाहारगृहाच्या आगींत ४९२ माणसें मरण पावलीं. तेथील रुग्णांवर उपचार करतांना डॉक्टरांनीं हा धडा पक्का केला. आपल्याकडे १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, त्याची आठवण कित्येक घराण्यांत अजून सांगितली जाते. पुढें १९६८ सालीं टेक्सासमधील बॅक्स्टर व शायर्स यांनीं रुग्णाचें वजन व भाजलेला भाग यांवरून पहिल्या चोवीस तासांत किती क्षारजल द्यावें याचें गणित बसविलें. त्यांतील अर्धें पहिल्या आठ तासांतच द्यावयाचें असतें, यावरून वेळेची किंमत ध्यानांत यावी.

परंतु कातडीचें काय? जखमेची खोली एकदां ठरली कीं ठरली, या समजुतीला धक्का मिळाला तो १९५३ सालीं. बर्मिंगहॅमच्या अपघात रुग्णालयांतील शल्यविशारद डग्लस जॅक्सन यांनीं तो दिला. जॅक्सन हें नांव नाशिककरांना दुसऱ्याच कारणानें पाठ आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजीं विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांच्या गोळीनें मारला गेला तो कलेक्टर जॅक्सन निराळा. डॉक्टर जॅक्सन यांनीं भाजल्या जखमेकडे दिवसामागून दिवस लक्ष ठेवून पाहिलें, आणि तींत एकांत एक अशीं तीन वलयें असतात असें दाखविलें. सतरंजीवर निखारा पडला असतां मध्यें काळें भोंक पडतें, त्याच्या भोंवतीं करपलेला कडा राहतो, आणि त्याबाहेर नुसती ऊब लागलेला भाग असतो, तसेंच हें. मधलें केंद्र मेलेलें असतें. तेथील मांस अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखें गोठून गेलेलें असतें. सर्वांत बाहेरचें वलय तांबूस असतें. तेथें रक्त जोरानें वाहतें आणि तें हमखास बरें होतें. या दोहोंच्या मध्यें एक वलय असतें, तेथें पेशी अजून जिवंत असतात, पण रक्त संथ होत होत थांबूं पाहतें. सतरंजीचा करपलेला कडा दुसऱ्या दिवशीं तेवढाच राहतो. त्वचेचें हें मधलें वलय मात्र पुढल्या दोनतीन दिवसांत एक तर केंद्राकडे ओढलें जाऊन मरतें, नाहीं तर बाहेरच्या वलयाबरोबर जगतें. आज पाहिलेली उथळ जखम तिसऱ्या दिवशीं खोल कां निघते, याचें उत्तर त्या वलयांत होतें.

त्या वलयांतील एखाद्या पेशीच्या आंत शिरून आपण पाहूं शकलों, तर काय दिसेल? १८९० सालीं जर्मन शास्त्रज्ञ आल्टमान याला पेशींत बारीक कण दिसले होते. १८९८ सालीं कार्ल बेंडा यानें ग्रीक भाषेंतील धागा व कण या दोन शब्दांवरून त्यांचें नांव मायटोकॉण्ड्रिया असें ठेवलें. आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांत त्यांना तंतुकणिका म्हणतात, आणि तें मूळ नांवाचें सरळ भाषांतर आहे. तंतुकणिका म्हणजे पेशीची चूल. आपण श्वासानें घेतलेला प्राणवायु अखेरीस तेथें पोंचतो. तेथें अन्नाचें मंद ज्वलन होतें आणि त्यांतून ए. टी. पी. नांवाचें ऊर्जाद्रव्य तयार होतें. पेशीचीं सारीं कामें त्यावर चालतात. कपाळ व नाक यांमधील ती पट्टी पंचवीस दिवस जें पोंचवीत होती, त्याचें अखेरचें ठिकाण हीच चूल होय.

मधल्या वलयांत रक्त थांबलें कीं या चुलीला वारा मिळत नाहीं. ए. टी. पी. संपत येतें, पेशींतील क्षारांचा तोल राखणारे पंप मंदावतात आणि पेशी फुगूं लागते. मग रक्त पुन्हां वाहूं लागलें तरी संकट टळत नाहीं. विस्कटलेल्या चुलींत एकदम वारा शिरावा आणि ठिणग्या उडाव्यात, तसे तंतुकणिकांतून प्राणवायूचे अति उग्र रेणु बाहेर पडतात, व ते त्यांचींच आवरणें जाळतात. आवरण फाटलें कीं आंतील सायटोक्रोम-सी नांवाचें प्रथिन बाहेर झिरपतें. १९९६ सालीं असें आढळून आलें कीं, हें प्रथिन बाहेर आलें म्हणजे पेशी स्वतःच्या मृत्यूची तयारी पद्धतशीरपणें सुरू करते. अशा मृत्यूला १९७२ सालीं जें ग्रीक नांव मिळालें, त्याचा मूळ अर्थ पानगळ असा आहे. म्हणजे ज्वाळेनें न मारलेल्या पेशी नंतर आपल्याच चुलीच्या दोषानें गळून पडतात. विझल्यानंतरची आग म्हणतों ती ही.

ही आग कातडीपुरतीच राहत नाहीं. तंतुकणिका या अतिप्राचीन काळीं स्वतंत्र जंतु होत्या आणि पेशींत येऊन कायमच्या राहिल्या, हें मत लिन मार्ग्युलिस या विदुषीनें १९६७ सालीं पुढें मांडलें व तें आज सर्वमान्य आहे. त्याचा एक विलक्षण परिणाम २०१० सालीं उघडकीस आला. मोठी इजा झाली असतां फुटलेल्या तंतुकणिकांचे तुकडे रक्तांत मिसळतात, आणि शरीराचे पहारेकरी त्यांना परके जंतु समजून त्यांच्यावर तुटून पडतात. जंतु नसतांनाही ज्वर व दाह कां उसळतो, याचें एक कारण यांत सांपडतें. ज्याला आपण कोट्यवधि वर्षें घरांत ठेवलें, तोच पाहुणा घर कोसळतांना शत्रु भासतो.

आणखी एक प्रकार परिचारिकांना फार पूर्वीपासून माहीत होता. मोठ्या प्रमाणावर भाजलेला रुग्ण खाटेवर निश्चल पडलेला असतो, तरी त्याची नाडी धांवत असते, अंग तापलेलें असतें आणि भरपूर अन्न देऊनही त्याचें मांस झडत जातें. अलीकडच्या शोधांवरून असें दिसतें कीं, अशा रुग्णाच्या स्नायूंतील तंतुकणिका ऊर्जाद्रव्य कमी व नुसती उष्णता अधिक निर्माण करूं लागतात. त्वचेखालची पांढरी चरबीही उष्णता देणाऱ्या तपकिरी चरबीसारखी बदलूं लागते, हें २०१५ सालीं दाखविलें गेलें. चूल पेटलेली असते, पण तिच्यावर भांडें नसतें. ही स्थिति महिनोगणती टिकते. म्हणूनच अशा रुग्णाची खोली उबदार ठेवतात, म्हणजे अंग गरम राखण्यासाठीं त्याला आणखी जळावें लागत नाहीं. हृदयाची धांव आवरणारें प्रोप्रॅनोलॉल हें औषध भाजलेल्या मुलांना दिल्यास त्यांच्या स्नायूंची झीज कमी होते, हें डेव्हिड हर्नडन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००१ सालीं सिद्ध केलें.

येथें तंतुकणिकांना नुसतें दोषी ठरविणें अन्यायाचें होईल. जखम भरून येते तीही त्यांच्याच बळावर. कडेच्या आणि केसांच्या मुळांशीं उरलेल्या पेशी सरपटत पुढें येतात, दुभंगून वाढतात आणि उघडें मांस झांकतात. या श्रमाला इंधन लागतें. इतकेंच नव्हे, तर जे उग्र रेणु अति झाले असतां पेशीला मारतात, तेच अल्प प्रमाणांत जखम मिटविण्याचा संदेश देतात, असें २०१४ सालीं एका सूक्ष्म कृमीच्या कातडीवरील प्रयोगांत दिसून आलें. विष आणि औषध यांत मात्रेचाच फरक, हें वैद्यांचें जुनें वचन पेशीच्या आंतही खरें ठरतें. या रेणूंना आवर घालून मधलें वलय वांचविणारीं द्रव्यें प्रयोगशाळांतून तपासलीं जात आहेत. परंतु रुग्णाच्या खाटेपाशीं नित्य वापरावें असें औषध त्यांतून अद्याप निघालेलें नाहीं. तेव्हां अशा नांवाचें मलम कोणी विकावयास आणलें, तर सावध राहिलेलें बरें.

तोंवर वैद्यांनीं केलें काय? दोन गोष्टी केल्या. पहिली, मेलेलें केंद्र लवकर काढून टाकणें. पूर्वीं जळलेली कातडी आपोआप गळून पडेपर्यंत आठवडेच्या आठवडे वाट पाहत. युगोस्लाव्हियांतील मारिबोर गांवच्या झोरा यान्झेकोविच या शल्यविशारद स्त्रीनें पहिल्या कांहीं दिवसांतच मृत थर पातळ पातळ कापून, जिवंत रक्त दिसतांच त्यावर रुग्णाची स्वतःची त्वचा लावण्यास सुरुवात केली. १९७० सालीं तिनें आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि पुढें जगानें तो मार्ग स्वीकारला.

दुसरी गोष्ट म्हणजे उघडें मांस झांकणें. आणि येथें महाराष्ट्राचें नांव पुन्हां आदरानें घ्यावें लागतें. झांकण नसलें कीं जखम सुकते, जंतु शिरतात आणि मधलें वलय हातचें जातें. परदेशी बनावटीचीं आच्छादनें आपल्या रुग्णांना परवडणारीं नव्हतीं. १९८५ सालीं मुंबईचे डॉक्टर मनोहर केसवानी व त्यांचे सहकारी यांनीं उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरून तिचा अहवाल प्रसिद्ध केला. सालीचा ओलसर भाग जखमेकडे ठेवल्यानें जखम सुकत नाहीं आणि पट्टी सोडवितांना नवी त्वचा उचकटत नाहीं. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टर सुब्रह्मण्यम् यांनीं १९९१ सालीं १०४ रुग्णांवर मधाची तुलना चांदीच्या प्रचलित मलमाशीं केली, व मधानें जखमा लवकर स्वच्छ होऊन भरून येतात असें नोंदविलें. १९९६ सालीं त्यांनींच मधाची तुलना बटाट्याच्या सालीशीं केली आणि मधाला कौल दिला. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉक्टर माधुरी गोरे यांनीं केळीच्या पानाचीं निर्जंतुक आच्छादनें तयार केलीं आणि २००३ सालीं त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या पानावर आपण जेवतों त्याची मेणचट पाठ जखमेला चिकटत नाहीं, हा त्यांतील विशेष. ही सारी मंडळी आजीच्याच वस्तूंकडे वळली. भेद इतकाच कीं, त्यांनीं त्या वस्तु निर्जंतुक केल्या, तोलून पाहिल्या आणि चुकलें तें टाकून दिलें. तेव्हां घरीं जखमेवर मध वा पान लावावें असा अर्थ कृपा करून घेऊं नये.

सर्वांत उत्तम झांकण मात्र माणसाच्या त्वचेचेंच. रुग्णाची स्वतःची त्वचा अपुरी पडली, तर मृत व्यक्तीची त्वचा तात्पुरती लावतात. ती दोनतीन आठवडे टिकते. मग शरीर तिला टाकून देतें. पण तेवढ्या अवधींत जखम झांकलेली राहते, पाणी व क्षार आंत राहतात, आणि प्राण वांचूं शकतो. यासाठीं शीवच्या त्याच रुग्णालयांत २००० सालीं त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आंत, मांड्या, पाय व पाठ यांवरून त्वचेचा अगदीं पातळ थर काढतात. देह विद्रूप होत नाहीं. ग्लिसरीनमध्यें ती पांच वर्षें राखतां येते, आणि देतांना रक्तगट जुळवावा लागत नाहीं. आपल्याच शहरालगत ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहांटे यवतमाळहून मुंबईस निघालेली एक खासगी बस मालवाहू गाडीवर आदळून पेटली आणि बारा प्रवासी दगावले. अशा प्रसंगीं लागणारी त्वचा कोणत्याही कारखान्यांतून मागवितां येत नाहीं. ती कोणीतरी, आपल्या शोकाच्या घटकेस, आधींच दिलेली असावी लागते.

आणि घरांत काय करावें? येथें मी शास्त्राचा सारा प्रपंच एका वाक्यांत आणतों. भाजल्याबरोबर ती जागा नळाच्या साध्या, वाहत्या पाण्याखालीं वीस मिनिटें धरावी. १९४७ सालीं मॉरिट्झ व हेन्रिकेस यांनीं मोजून दाखविलें कीं, ४४ अंश उष्णतेला त्वचा मारण्यास सुमारें सहा तास लागतात, पण ७० अंशांवर एक सेकंदही पुरतो. ज्वाळा दूर झाली तरी कातडीच्या आंत सांठलेली उष्णता आपलें काम करीतच असते. पाणी ती बाहेर काढतें आणि मधल्या वलयाला उसंत देतें. उशीर झाला तरी तीन तासांपर्यंत हा उपचार उपयोगी पडतो. बर्फ लावूं नये, कारण त्यानें रक्तवाहिन्या आकसतात. त्या बाबतींत सुश्रुताची भीति अगदींच निराधार नव्हती. भाजलेला भाग मोठा असेल, किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर बाकीचें अंग पांघरुणानें उबदार राखून ताबडतोब रुग्णालय गांठावें. हळद, तूप, दंतमंजन, शाई यांतील कांहींही लावूं नये.

माझ्या आजीला शाईनें गुण आल्यासारखा वाटे, तो त्या शाईंतील पाण्यामुळें. परंतु तें पाणी चमचाभरच असे, आणि निळ्या रंगाखालीं जखम किती खोल आहे हें कोणत्याही डॉक्टरला दिसलें नसतें. वाड्याच्या चौकांत नळ वाहत होता. तेथवर मुलाला न्यावें, हें आम्हां कोणालाच ठाऊक नव्हतें. माझ्या एका चुलतबहिणीच्या मनगटावर त्या अज्ञानाची खूण अजून आहे.

ज्या गांवाचें नांव कापलेल्या नाकावरून पडलें असें लोक सांगतात, त्याच गांवीं १९९८ पासून महाराष्ट्राचें आरोग्य विज्ञान विद्यापीठ नांदत आहे. पुण्याजवळच्या त्या अनामिक वीटकऱ्यानें पंचवीस दिवस राखलेली कातडीची पट्टी आणि आज सूक्ष्मदर्शकाखालीं तपासली जाणारी तंतुकणिका, यांमध्यें दोनशें वर्षांचें अंतर आहे. दोहोंचें सांगणें एकच आहे. ज्वाळा विझल्यावर त्वचेचा एक भाग जीवन आणि मरण यांच्या मध्यें उभा असतो. त्याची बाजू घेण्यास आपणांस वीस मिनिटें मिळतात. तीं वीस मिनिटें रुग्णालयाच्या हातीं नसतात; तीं त्या वेळीं जो घरांत असेल त्याच्या हातीं असतात.